सशाची लव, पारा आणि बोर्सालिनो

बाहेरची फीत आणि आतला पट्टा सोडला, तर इटालियन फेल्ट हॅटमध्ये धागा म्हणून नसतो. सूतकताई नाही, विणकाम नाही, डिंकाने चिकटवणेही नाही. फेल्ट म्हणजे केस रगडून, गुंतवून केलेला थर; त्यात सशाची लव स्वतःतच इतकी घट्ट गुंतलेली असते की पावसाची सर आली तरी पाणी लगेच आत शिरत नाही.

हा गुंता होतो कसा? सूक्ष्मदर्शकाखाली केसावर कौलांसारखे खवले दिसतात, सगळ्यांची तोंडे शेंड्याकडे. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो; उलट जाऊ लागला की खवले अडतात. ओल, ऊब आणि रगडणे मिळाले की प्रत्येक केस पुढेच सरकत राहतो आणि शेजारच्यांत रुतत जातो. गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर आटून पोराच्या मापाचा होतो तो याच कारणाने, आणि म्हणूनच तो ओढून-ताणून पुन्हा मोठा होत नाही.

सशाची लव मात्र मेंढीच्या लोकरीइतकी सरळ ऐकत नाही. तिचे खवले बसके असतात. यावर जुन्या कारागिरांनी शोधलेला उपाय म्हणजे पारा. नत्राम्लात पारा विरघळवून ते पाणी ब्रशने कातड्यावरच्या लवेला लावत. केस ज्या केराटिनचे बनलेले असतात, त्यातले गंधकाचे बंध त्याने तुटत, शेंडे नरम पडून वळत आणि त्यांना गाजरासारखा नारिंगी रंग चढे. अशी लव झटपट गुंते. पण पुढे ती वाळवताना, वाफवताना पाऱ्याची वाफ कामगारांच्या छातीत जाई. हात कापणे, हिरड्या सुजणे, विसरभोळेपणा, विनाकारण बुजणे आणि चिडणे ही युरोप-अमेरिकेतल्या टोपीवाल्यांची ओळखच होऊन बसली होती. दुखण्याचे कारण कळल्यावरही धंदा कित्येक वर्षे तसाच चालला. अमेरिकेत हा वापर थांबायला 1941 चा डिसेंबर उजाडला. आता हेच काम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्लावर भागते.

या कलेचे इटलीतले सर्वांत गाजलेले गाव म्हणजे पिएमोन्त प्रांतातले अलेस्सांद्रिया. जुझेप्पे बोर्सालिनो पॅरिसमध्ये टोपीकाम शिकून परतला आणि 1857 मध्ये त्याने तिथे कारखाना काढला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वर्षाला वीस लाखांच्या घरात हॅट तिथून बाहेर पडत. मोंझा, बिएल्लाजवळचे साल्यानो मिक्का, तोस्कानातले मोन्तेवार्की ही टोप्यांची आणखी काही गावे. पण ‘बोर्सालिनो’ हे आडनाव टोपीचेच नाव होऊन बसले.

आजही एक हॅट तयार व्हायला सुमारे सात आठवडे आणि पन्नासेक टप्पे लागतात. पिंजलेली लव भोके पाडलेल्या, फिरत्या शंकूभोवती हवेच्या ओढीने बसवतात. त्यावर गरम पाणी मारले की हाती येतो एक लुसलुशीत, अवाढव्य शंकू, कुणाच्याही डोक्याला किती तरी मोठा. मग गरम पाण्यात रुळांखाली तो पुन्हा पुन्हा रगडून आटवायचा. इथे यंत्र असले तरी शेवटचा शब्द हाताचा. शंकू कुठे पातळ राहिला, कुठे जास्त आटला, हे कारागीर बोटांनी चाचपून ठरवतो. पुढे रंग, मग लाकडी ठोकळ्यावर वाफ देऊन घडण. वाफेने केराटिनमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. हे बंध कच्चे असतात, म्हणून चेपलेली हॅट किटलीच्या वाफेवर धरून हातानेच सरळ करता येते. कडक हॅटसाठी फेल्टला लाख पाजतात. ही लाख बव्हंशी आपल्याच झारखंड-छत्तीसगडच्या पळस-कुसुमावरच्या किड्यांची देणगी.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॅटचे दिवस फिरले. मोटारी आल्या, त्यांची छपरे बुटकी. घरे-कचेऱ्या उबदार झाल्या. तरुणांना उघडे डोके आवडू लागले. अलेस्सांद्रियाच्या मध्यवस्तीतला जुना कारखाना 1980 च्या दशकात बंद पडला आणि काम जवळच्या स्पिनेत्ता मारेंगोला गेले. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयाने कंपनी दिवाळखोर ठरवली. 2018 मध्ये गुंतवणूकदारांनी ती लिलावात उचलली, कारखाना चालू राहिला. माझ्या मते ही अर्धीच सुटका. नाव लिलावात विकत घेता येते. बोटांनी फेल्ट ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षे जातात, आणि त्या वाफेत, ओलीत उभे राहायला नवी पोरे रांग लावून उभी नाहीत. लागो माज्जोरे या सरोवराकाठच्या गिफ्फा गावात पानिझ्झांच्या जुन्या टोपी कारखान्यात आज संग्रहालय आहे.

दुसरी अडचण कच्च्या मालाची आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ही लव मुख्यतः मांसासाठी पाळलेल्या सशांची असते. युरोपात सशाचे मांस खाणे कमी होत चालले आहे, शिवाय फरविषयीची नाराजी वाढली आहे. लव कापून, रसायन लावून तयार करणारे कारखाने पोर्तुगालच्या साओ जुआओ दा मादेइरासारख्या मोजक्याच ठिकाणी उरलेत. पॉलिस्टर वापरून भागत नाही; त्या तंतूला खवलेच नसतात. काटेरी सुयांनी टोचून त्याचे फेल्ट करता येते, आणि गालिचांसाठी करतातही, पण पाण्यात रगडून ते असे आटत नाही. उरते मेंढीची लोकर. तिच्या हॅट स्वस्तात होतात, पण त्या जाड आणि जड असतात, आणि पावसात भिजल्या की लवकर बसतात.