खडखड कुठून येते हे कानाला विचारू नका

डॅशबोर्डमधून टकटक ऐकू येते म्हणून डॅशबोर्ड खोलला जातो, दोन-चार क्लिपा तुटतात, टकटक तशीच राहते आणि वर एक नवी कुरकुर सुरू होते. गाडीच्या केबिनमधले आवाज शोधताना असे वारंवार घडते, कारण आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'आवाज कुठून येतोय?' हा. त्याआधी 'आवाज केव्हा येतोय?' हे विचारले, तर निम्मे काम गॅरेजला जाण्याआधीच होते.

'कुठून'चे उत्तर देताना कान चुकतो, यात त्याचा दोष नाही. दोन कानांमध्ये जेमतेम वीतभर अंतर असते. बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानापर्यंत पोचायला फार तर ०.७ मिलिसेकंद उशीर होतो आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. मोकळ्या मैदानात हे छान जमते. केबिनमध्ये समोर, मागे आणि दोन्ही बाजूंना काचा असतात, त्यांवरून आवाज उलटून येतो. शिवाय खडखडणारी वस्तू बहुधा प्लॅस्टिकच्या मागे दडलेली असते. तिचे कंपन पत्र्यातून आणि पॅनेलमधून पसरते आणि त्यातला एखादा मोठा पातळ भाग ते हवेत सोडतो. म्हणजे आवाज करणारी वस्तू एक आणि तो ऐकवणारी दुसरीच. मागच्या सीटचा मोकळा बेल्ट-बकल प्लॅस्टिकवर आपटत असतो आणि चालवणारा स्टिअरिंगखाली कान लावून बसतो.

म्हणून 'केव्हा'ची नोंद ठेवावी. इंजिनच्या किती फेऱ्यांना, कसल्या रस्त्यावर, सकाळी की दुपारी, मागे माणसे बसली असताना की नसताना.

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, अॅक्सिलरेटर हळूहळू दाबला की १८०० फेऱ्यांच्या आसपास भणभण सुरू होते आणि २००० ओलांडताच थांबते, असे असेल तर तो अनुनाद आहे, म्हणजे इंजिनच्या धक्क्यांचा वेग आणि एखाद्या भागाचा स्वतःचा थरथरण्याचा वेग (त्याची नैसर्गिक वारंवारता) जुळला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तीन सिलिंडरचे इंजिन असते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे मिनिटाला १८०० फेऱ्या असताना सेकंदाला ४५ धक्के बसतात, म्हणजे ४५ हर्ट्झ. चार सिलिंडर असतील तर ६० हर्ट्झ. घट्ट बसवलेल्या पॅनेलची नैसर्गिक वारंवारता बरीच वर असते. क्लिप सैल झाली की ताठपणा कमी होतो, ती वारंवारता खाली येते आणि नेमकी इंजिनच्या टापूत सापडते. हा आवाज शोधायला सर्वांत सोपा, कारण गाडी उभी असते. एकाने फेऱ्या तेवढ्याच धरून ठेवायच्या आणि दुसऱ्याने तळहाताने एकेक भाग दाबत जायचे. ज्यावर हात ठेवताच आवाज बंद होतो, तिथे किंवा त्याच्या शेजारी दोष असतो. दरवाजांसाठी हेच काम गाडीच्या स्पीकरकडूनही करून घेता येते. फोन गाडीच्या स्पीकरला जोडा आणि टोन जनरेटर, म्हणजे हव्या त्या वारंवारतेचा सूर काढणाऱ्या अॅपने, ३० ते २०० हर्ट्झचा सूर सावकाश चढवत न्या, सैल दरवाजा एका ठरावीक जागी झणझणतो.

खड्ड्यांतली खडखड वेगळी. इथे दोन भागांमध्ये फट असते आणि ते एकमेकांवर आपटतात. रस्त्यावरून चाक उसळते ते सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा. एवढी कमी वारंवारता कानाला जवळजवळ ऐकूच येत नाही. पण कडक प्लॅस्टिकवर कडक प्लॅस्टिक आपटले की स्पर्श क्षणार्धात संपतो आणि असा आखूड ठोका हजारो हर्ट्झपर्यंत पसरतो. आपला कान सर्वांत तिखट असतो तो २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. त्यामुळे इवलासा ठोका एवढा छळतो. अशा फटीत फेल्ट टेपचा, म्हणजे मऊ जाडसर कापडाच्या चिकटपट्टीचा, पातळ तुकडा का पुरतो, हेही यातूनच कळते. आपटणे पूर्ण थांबले नाही तरी चालते. मऊ थरामुळे स्पर्शाचा वेळ लांबतो आणि वरच्या वारंवारता निघून जातात. फटीत जाड फोम कोंबणे मला पटत नाही, त्याने शेजारची क्लिप ताणली जाते.

सकाळी खडखड आणि दुपारी सगळे शांत, असे असेल तर उष्णतेकडे पाहा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांवर सहज जातो. तापमान ४० अंशांनी वाढले की मीटरभर लांबीचे पोलाद साधारण अर्धा मिलिमीटर वाढते, तर गाडीतले प्लॅस्टिक त्याच्या पाच ते दहापट. एकाच सांगाड्यावर बसवलेल्या या दोन वस्तू रोज अशा कमीजास्त होत राहतात, फटी उघडतात आणि मिटतात.

कुरकुर मात्र आपटण्याने होत नाही, घासण्याने होते. दोन पृष्ठभाग चिकटतात, ताण साठतो, मग ते एकदम घसरतात आणि पुन्हा चिकटतात. सारंगीच्या तारेवर गज फिरताना हेच घडते. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर गाडी तिरकी चढली की बॉडीला किंचित पीळ पडतो आणि दरवाजाचे रबर कुरकुरते. रबर पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. इंजिन ऑइल किंवा रॉकेल लावू नका, दरवाजाचे रबर पेट्रोलियममुळे फुगते आणि खराब होते.

काही खोलण्याआधी गाडी रिकामी करा. दरवाजाच्या कप्प्यातली नाणी, गॉगल, डिकीतला जॅक आणि पाना, सगळे बाहेर. त्यानंतरही दरवाजाचे पॅनेल काढावे लागलेच, तर आतल्या बाजूने टॉर्च मारून नीट बघा. वायरिंगचा एखादा कनेक्टर लोंबत असतो आणि त्याच्या समोरच्या खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर नखाएवढी जागा घासून गुळगुळीत झालेली असते, कधी भोवती पांढरट भुकटीही दिसते. तो कनेक्टर कापडी टेपने गुंडाळून पक्का करायचा, बस्स. पॅनेल परत लावताना सैल झालेल्या क्लिपा बदला, त्या स्वस्त मिळतात. ज्या खांबांवर किंवा सीटवर एअरबॅगची खूण आहे, तिथे मात्र टेप, फोम काहीही लावू नका. एअरबॅग उघडण्याची वाट अडली तर जिवावर बेतेल. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांना हे आवाज जास्त जाणवतात, कारण त्यांना झाकणारी इंजिनची घरघर तिथे नसते.

आणि खडखड केबिनमधली नसून खालून येत असेल, तर ते स्वतः करायचे काम नव्हे. काचा खाली करून लांब भिंतीला समांतर हळू गाडी न्या. खालचा आवाज भिंतीवरून उलटून स्पष्ट ऐकू येतो. खडबडीत पण रिकाम्या रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली, तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरकडे संशय जातो. पाय ठेवूनही ती चालूच राहिली आणि स्टिअरिंग वळवताना वाढली, तर सस्पेन्शनच्या लिंक रॉड आणि बुश तपासायला सांगा, त्याच आठवड्यात.