नवा हेडफोन येतोय. तोवर काय करता येईल?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एखाद्या मोठ्या कंपनीने आपल्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या हेडफोनची घोषणा केली की आमचा फोन दिवसभर वाजत राहतो. काळ्या पार्श्वभूमीवर अर्धाच दिसणारा कप, खाली ‘लवकरच’ एवढाच शब्द, आणि तेवढ्यावर ‘पहिला नग माझ्यासाठी ठेवा’ असा निरोप. उत्साह आम्हालाही असतो, नाहीतर या धंद्यात पडलोच नसतो. पण घोषणा झाल्यापासून हेडफोन हातात येईपर्यंत बरेच आठवडे जातात, कधी महिनेही. या काळात घेण्याचा निर्णय मनात पक्का होऊन बसतो, कानावर एक सूरही पडायच्या आधी.

हे पत्रक त्या मधल्या काळासाठी आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: न आलेल्या हेडफोनचा जेवढा अभ्यास कराल, त्याहून जास्त अभ्यास तुमच्याकडे आज असलेल्या हेडफोनचा आणि त्याला ताकद पुरवणाऱ्या अ‍ॅम्पचा करा. नवा आला की निवड सोपी जाईल.

‘संपूर्ण नवं तंत्रज्ञान’

घोषणेत हे शब्द हमखास असतात. खरं तर हेडफोनमध्ये आवाज निर्माण करायच्या मुख्य पद्धती जुन्याच आहेत. डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये (ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग) पडद्याला चिकटलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलते. बायरडायनॅमिकचा डीटी ४८ याच पद्धतीचा, १९३७ सालचा. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये अतिशय पातळ, विद्युतभारित पडदा दोन जाळ्यांच्या मध्ये ताणलेला असतो; स्टॅक्सने असा पहिला हेडफोन १९६० मध्ये आणला. प्लॅनरमध्ये वाहक पट्ट्या पडद्यावरच पसरलेल्या असतात आणि चुंबकांची रांग समोर असते. यामाहाचा एचपी-१ हा १९७६ चा. आज जे ‘नवं’ म्हणून येतं ते बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकाचं सुधारलेलं रूप असतं. त्यात कमीपणा काही नाही. सुधारणेतच खरी मेहनत असते.

पडद्याच्या साहित्याचाही खूप गाजावाजा होतो. सोनीच्या एमडीआर-आर१० मध्ये १९८९ साली बायोसेल्युलोजचा पडदा होता, फोकलच्या युटोपियात २०१६ साली बेरिलियमचा. पडदा हलका आणि कडक असला की तो जास्त वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, म्हणजे जास्त बारीक सुरांपर्यंत, एकसंध हलतो, वेडावाकडा थरथरत नाही. फायदा खरा आहे. पण कानापर्यंत पोचणारा आवाज नुसत्या पडद्यावर ठरत नाही. ड्रायव्हरच्या मागची हवेची जागा, तिथे लावलेला, जादा थरथर शोषणारा कागद किंवा फेल्ट, ड्रायव्हरचा कानाशी असलेला कोन, पॅडची जाडी आणि त्याचं कापड, हे सगळं मिळून आवाज घडतो. यातलं बरंचसं घोषणेत येतच नाही, कारण छायाचित्रात ते दिसायला काही खास नसतं.

सेनहायझर एचडी ८०० चं उदाहरण घ्या. २००९ मध्ये आला तेव्हा त्याचा ५६ मिलिमीटरचा कड्याच्या आकाराचा ड्रायव्हर हाच चर्चेचा विषय होता. आवाजाचा पसारा लोकांना भुरळ घालणारा, पण ६ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज एकदम वाढणारं एक टोक होतं आणि काही रेकॉर्डिंगमध्ये ते कानाला टोचायचं. हौशी मंडळींनी कपच्या आत फेल्टचे आणि फोमचे तुकडे बसवून ते बोथट करायला सुरुवात केली. पुढे २०१६ मध्ये आलेल्या एचडी ८०० एस मध्ये कंपनीनेच तो अनुनाद शोषून घेणारी रचना बसवली. पहिल्या आवृत्तीवर प्रेम करणारे आजही आहेत, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र ज्यांना झांजा आणि ‘स’, ‘श’ कानात घुसलेले सहन होत नाहीत, त्यांनी पहिल्याच खेपेला धाव घेऊ नये.

आकड्यांतला कुठला वाचावा

‘५ हर्ट्झ ते ५० किलोहर्ट्झ’ ही फ्रिक्वेन्सीच्या मर्यादेची ओळ सरळ सोडून द्या. तरुण, निरोगी कानाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं आणि वय वाढतं तसं वरचं टोक खाली येत जातं. शिवाय किती डेसिबलच्या फरकात ही मर्यादा मोजली, हे लिहिलेलं नसेल तर त्या ओळीतून काहीच कळत नाही.

वाचायचे दोन आकडे म्हणजे इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक शक्तीला किती मोठा आवाज निघतो ते), आणि तेही एकत्र. नुसता इम्पिडन्स पाहून ‘३०० ओहम म्हणजे चालवायला जड, ६० म्हणजे हलका’ असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. गणित करून बघू. हायफायमॅन सुसवारा ६० ओहमचा, सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला ८३ डेसिबल. फोकल युटोपिया ८० ओहमचा, १ मिलिवॉटला १०४ डेसिबल. संगीतातली क्षणिक शिखरं न कापता येण्यासाठी ११० डेसिबलपर्यंत मजल हवी असं धरलं, तर युटोपियाला सुमारे ४ मिलिवॉट पुरतात, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर. सुसवाराला मात्र जवळजवळ ५०० मिलिवॉट लागतात, साडेपाच व्होल्ट. ओहम कमी, तरी भूक सव्वाशे पट. फोनला लावायच्या छोट्या डॅकमधून (डिजिटल संगीताचं विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणातून) बहुधा एक-दोन व्होल्टच मिळतात. तिथे सुसवारा वाजेल, पण ऑर्केस्ट्रा उसळी घेईल तेव्हा त्याचा दम संपलेला असेल.

एक खोच आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला देतात, काही १ व्होल्टला. एकच हेडफोन ३०० ओहमचा असेल आणि मिलिवॉटला ९७ डेसिबल देत असेल, तर व्होल्टच्या हिशोबाने तोच आकडा १०२ होतो. ३२ ओहमचा असेल तर ९७ चे ११२ होतात. दोन हेडफोनची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच मापातले आहेत ना, हे बघा. गोंधळ वाटला तर पानाचा फोटो आम्हाला पाठवा, हिशोब करून देऊ.

अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा अंतर्गत अडथळा) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, हा जुना ठोकताळा अजूनही कामाचा आहे. डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो, बेसच्या भागात तो बराच वर चढतो. तिथे जास्त आउटपुट इम्पिडन्सचा अ‍ॅम्प लावला की बेस फुगतो. व्हॉल्व्हच्या काही अ‍ॅम्पचा जो ‘उबदारपणा’ सांगितला जातो, त्यातला काही वाटा याचा असतो. प्लॅनरचा इम्पिडन्स जवळपास सपाट असतो, त्यामुळे त्याला याची फारशी झळ लागत नाही.

आणि येणारा हेडफोन इलेक्ट्रोस्टॅटिक असेल तर तुमचा नेहमीचा अ‍ॅम्प त्याला चालणारच नाही. त्याच्या पडद्याला शेकडो व्होल्टचा बायस, म्हणजे कायमचा विद्युतदाब, लागतो. स्टॅक्सच्या प्रो मालिकेत तो ५८० व्होल्ट आहे. तेव्हा वेगळ्या अ‍ॅम्पची तयारी ठेवूनच विचार करा.

आलेखांबद्दल

हेडफोन लोकांच्या हातात पडला की कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज निघतो हे दाखवणारे मोजणीचे आलेख येऊ लागतात. आलेख सपाट नाही म्हणून दचकू नका. आपल्या कानाची नळी स्वतःच ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज वाढवते आणि मोजणीच्या कृत्रिम कानातही हे घडतं. म्हणून चांगल्या हेडफोनच्या आलेखात तिथे उंचवटा असायलाच हवा. तो किती असावा, बेस किती असावा, यावर हर्मन या ऑडिओ कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या सुमारापासून श्रोत्यांना ऐकवून अभ्यास केला, आणि त्यातून ‘हर्मन टार्गेट’ म्हणून ओळखली जाणारी रेषा तयार झाली. बहुसंख्य श्रोत्यांना काय आवडतं याचा तो अंदाज आहे. तुम्ही बहुसंख्यांत असालच असं नाही.

दोन वेगवेगळ्या यंत्रांवर काढलेले आलेख एकमेकांवर ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. ८-१० किलोहर्ट्झच्या वरचा भाग तर कप कानावर थोडा सरकला तरी बदलतो, तो कुणाच्याही आलेखातून फार बारकाईने वाचू नये.

संशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजण्या तपासल्या, तेव्हा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (अशा आलेखातली रेषा) आणि किंमत यांत काही संबंध दिसला नाही. महागड्या वस्तू विकणाऱ्यांनी हे छापावं का, असा प्रश्न आमच्यातच निघाला होता. छापलं. महागड्या हेडफोनमध्ये बांधणी, आराम, आवाजाची कमी विकृती आणि अनेक वर्षं सुटे भाग मिळण्याची शक्यता यांचे पैसे असतात. फक्त ‘जास्त किंमत म्हणजे जास्त अचूक सूर’ हे समीकरण मनातून काढून टाका.

वाट पाहताना

आधी आजच्या हेडफोनचे पॅड दाबून बघा. चांगल्या पॅडमधला फोम बोट काढल्यावर लगेच वर येतो. तो चेपलेलाच राहिला, कातडीला भेगा पडल्या असतील किंवा कानामागे काळी भुकटी लागत असेल, तर तुम्ही ऐकताय तो मूळ आवाज नव्हेच. पॅड चेपून बसले की ड्रायव्हर कानाजवळ येतो, कडेची फट वाढते, बंद कपाच्या हेडफोनमध्ये बेस गळतो आणि वरचे सूर पुढे येतात. अशा वेळी ‘हा आता जुना झाला, नवा हवा’ असं वाटणं साहजिक आहे. नवे पॅड बसवून आठवडाभर ऐका. त्यानंतर नव्या हेडफोनचा बेत सोडणारे ग्राहक आम्हाला भेटतात. आमचा सौदा जातो खरा, पण तेच पुढच्या वेळी विश्वासाने येतात.

मग चार-पाच रेकॉर्डिंग निवडा. ऑडिओफाइल म्हणून प्रसिद्ध असलेलीच हवीत असं नाही, तुम्हाला पाठ असलेली हवीत. तंबोऱ्याची जोडी असलेलं एखादं गायन घ्या. चांगल्या हेडफोनवर तार छेडल्यावर जवारीचे वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात आणि दोन तंबोरे वेगळे ओळखू येतात. मध्यम दर्जाच्या हेडफोनवर त्यांची एकच गुणगुण होते. तबल्याच्या डग्ग्यावर हात घासून काढलेला घुमारा ऐका. तो सुरात वर चढतो की नुसताच धप्प करून बसतो? गायकाचा श्वास ऐकू येतो का, आणि येत असला तर तो मुद्दाम पुढे ढकलल्यासारखा वाटतो का? जे खटकतं ते लिहून ठेवा. ‘आवाज आणखी मोकळा हवा’ यापेक्षा ‘बाईचा आवाज तार सप्तकात गेला की कानाला लागतो’ हे लिहिलेलं आम्हाला जास्त उपयोगी पडतं.

जे खटकलं ते इक्वलायझरने (ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करण्याच्या सोयीने) दुरुस्त होतं का, हेही करून बघा. लागणारा सूर दोन-तीन डेसिबल खाली आणून समाधान झालं, तर प्रश्न सुटलाच.

वजनाची ओळही बघा. सेनहायझरचा एचडी ६०० भरतो २६० ग्रॅम. ऑडिझीचे काही मोठे प्लॅनर ६०० ग्रॅमच्या पुढे जातात. दहा मिनिटांत हा फरक जाणवत नाही, दीड तासाने मान सांगते.

आमच्याकडे ऐकायला येताना

नवा नग आला की आम्ही आधी दोन्ही बाजू सारख्या वाजतात का हे स्वीप टोन (खालून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) लावून तपासतो आणि मगच ऐकण्यासाठी ठेवतो. तुलना करताना दोन्ही हेडफोनची पातळी मोजून सारखी करतो. हे टाळता येण्यासारखं नाही, कारण एखादा हेडफोन एक डेसिबलने जरी मोठा वाजत असला तरी तो मोठा न वाटता ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. विक्रेत्याला हे माहीत असतं, ग्राहकालाही असावं.

शंभर तास वाजवल्यावर आवाज ‘उघडतो’ का, असं नेहमी विचारलं जातं. मोजणीत ड्रायव्हरमधला फरक दिसलाच तर अगदी थोडा असतो. पॅड डोक्याच्या आकाराला बसतात आणि आपला कान नव्या आवाजाला सरावतो, हे मात्र नक्की घडतं. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत आवडला नाही म्हणून परत ठेवू नका आणि पहिल्या पाच मिनिटांत भारावून जाऊन पैसेही देऊ नका.

आवाज बेताचाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते. स्वच्छ वाजणारा हेडफोन नकळत मोठा ऐकला जातो, कारण तो कर्कश होत नाही.

नाव नोंदवायचं असेल तर जरूर नोंदवा. ऐकण्याआधी आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. पहिल्या खेपेत थोडेच नग येतात, त्यामुळे ऐकण्याची वेळ आधी ठरवून घ्या. स्वतःचा हेडफोन, शक्य असेल तर स्वतःचा अ‍ॅम्प आणि लिहून ठेवलेली रेकॉर्डिंगची यादी सोबत आणा. चष्मा लावत असाल तर तो लावूनच ऐका. त्याच्या काडीमुळे पॅडखाली राहणारी फट बंद कपाच्या हेडफोनमधला बेस पळवते, आणि घरी गेल्यावर तुम्ही चष्मा काढून ऐकणार नाही.