मीडियनच्या पलीकडची शेपटी आणि इंजेक्शनची किंमत

2010 मध्ये इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या (म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या) औषधाच्या ट्रायलचे आकडे आले. शरीरभर पसरलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशंटचं मीडियन आयुष्य 6.4 महिन्यांवरून 10.1 महिन्यांवर गेलं होतं, म्हणजे धड चार महिने पण वाढले नाहीत. एवढ्यासाठी एवढं महागडं इंजेक्शन? ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून कुठलं औषध द्यायचं ते बघणाऱ्या नाइस या संस्थेनेही 2011 मध्ये आधी नकारच कळवला, मग कंपनीने डिस्काउंट दिल्यावर डिसेंबर 2012 मध्ये होकार आला. पण भांडण फक्त किमतीचं नव्हतं, पेशंट सरासरी किती जगणार याचंही होतं.

मीडियन म्हणजे निम्मे पेशंट गेले तो टप्पा, बस. उरलेले निम्मे पुढे सहा महिने जगले काय आणि वीस वर्षं जगले काय, मीडियन तोच राहतो. आणि इम्युनोथेरपीत सगळी गंमत याच उरलेल्यांमध्ये आहे.

हिशोब करून बघा. दर 10 महिन्यांनी पेशंट निम्मे होतात असं धरलं तर 100 चे 50, मग 25, असं करत पाच वर्षांनी एक किंवा दोघं उरतात. पण 2015 मध्ये इपिलिमुमॅब घेतलेल्या 1861 पेशंटचा डेटा एकत्र केला तेव्हा तीन वर्षांनी 22 टक्के जिवंत होते, आणि तिथून पुढे किती टक्के जिवंत आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाची रेषा जवळपास आडवीच झाली (रेषेचा हा लांबलेला शेवट म्हणजेच शेपटी), काही जणांच्या बाबतीत तर दहा वर्षांपर्यंत.

आता अडचण अशी की किंमत ठरवायच्या वेळी हातात दोन-तीन वर्षांचाच डेटा असतो, बरेच पेशंट अजून जिवंत असतात (त्यांना ‘सेन्सर्ड’ म्हणतात), आणि निर्णय मात्र त्यांच्या अख्ख्या उरलेल्या आयुष्याचा घ्यायचा असतो. मग संख्याशास्त्रवाले ती रेषा फॉर्म्युल्याने पुढे ओढतात. असे फॉर्म्युले बरेच आहेत: एक्स्पोनेन्शियल, वायबुल, लॉग-नॉर्मल, शिवाय गॉम्पर्ट्झ, जो 1825 मध्ये लंडनच्या एका विमा-गणितज्ञाने मांडला होता. पहिल्या दोन वर्षांत हे सगळे डेटावर छान बसतात आणि नंतर चार दिशांना पांगतात. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे सरासरी आयुष्य आणि खर्चाला भागायचं ते त्यानेच, म्हणजे शेपटी जाड निघाली तर औषध परवडणारं, बारीक निघाली तर महाग. साहजिकच कंपनीला जाड शेपटी आवडते आणि तपासणाऱ्यांना बारीक, त्यात आश्चर्य काही नाही.

दुसरा मार्ग म्हणजे क्युअर मॉडेल. यात पेशंटचे दोन गट धरतात, एका गटाला कॅन्सरचा धोका चालूच, दुसरा जवळजवळ बरा झालेला आणि त्याचा मृत्यूदर साधारण त्याच वयाच्या इतर लोकांइतका. इम्युनोथेरपीला हे पटण्यासारखं आहे, कारण इथे शरीराची स्वतःची टी-सेल्सची (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) फौज मोकळी सुटलेली असते आणि औषध थांबवल्यावरही काहींमध्ये ती काम करत राहते. पण फॉलो-अप (पेशंटवर पुढे ठेवलेलं लक्ष) कमी असेल तर ‘बरे झालेले’ 10 टक्के की 30, हे मॉडेलला नीट सांगता येत नाही, तरी आकडा मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो! रेषा आडवी दिसली म्हणून लगेच खूश व्हायचं नाही, आधी आलेखाखाली त्या वेळी निरीक्षणात किती जण उरलेत ते वाचायचं. सातच जण उरले असतील तर त्या सपाटीला फारसा अर्थ नाही, त्यातला एक गेला की रेषा धपकन खाली.

शिवाय नाइस भविष्यातल्या वर्षांचं मोल दर वर्षामागे 3.5 टक्क्यांनी कमी धरते, त्यामुळे तीस वर्षांनंतरचं एक वर्ष आजच्या हिशोबात जेमतेम 0.36 वर्ष मोजलं जातं, म्हणजे लांबलचक शेपटीची थोडी छाटणी तिथेही होतेच.

मला यातला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो तो इंग्लंडमधल्या कॅन्सर ड्रग्ज फंडाचा, म्हणजे कॅन्सरच्या औषधांसाठीच्या सरकारी निधीचा. 2016 मध्ये नव्याने मांडणी झाल्यापासून तिथे डेटा कच्चा असला तर औषध काही काळापुरतं सुरू करतात, तोवर ट्रायलचा फॉलो-अप चालू राहतो, आणि मग फाइल पुन्हा उघडून जुन्या रेषा नव्या आकड्यांवर ठेवून बघतात. निवोलुमॅब (हेही इम्युनोथेरपीचंच औषध) आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या मेलानोमाच्या पेशंटचे दहा वर्षांचे आकडे 2024 मध्ये आले, त्यात 43 टक्के जिवंत होते, पण नुसतं इपिलिमुमॅब घेतलेल्यांत हाच आकडा 19 होता.