खडकांचा लोट आणि चिखलाचा लोंढा

भूकंपानंतर डोंगरावरून जे जे खाली येते, त्याला सरसकट 'दरड कोसळली' असे म्हटले जाते. परंतु दरीतून कित्येक किलोमीटर धावणाऱ्या दोन प्रकारांत, म्हणजे खडकांचा लोट आणि चिखल-दगडांचा लोंढा यांत, फरक करायला हवा, कारण दोघांच्या वाटा वेगळ्या असतात.

लोंढा पाण्यावर चालतो. माती आणि दगडगोटे यांच्यामधील पोकळ्या पाण्याने भरून त्याचा दाब वाढला, की कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि ओल्या काँक्रीटसारखे ते मिश्रण ओढ्याच्या पात्रातून वाहू लागते. मोठे दगड तोंडाशी जमतात, मागून पातळ चिखल येतो आणि काठांवर बांधासारखे उंचवटे उरतात.

खडकांचा लोट मात्र पाण्यावाचूनही धावतो. भूकंपाचे हादरे डोंगरमाथ्याशी अधिक तीव्र होतात, त्यामुळे बरेचदा माथ्याजवळचाच कडा सुटतो आणि आपटत, फुटत खाली येतो. लहान दरड जितकी उंची उतरते, त्याच्या साधारण दीड ते पावणेदोन पट आडवे अंतर कापते. कोट्यवधी घनमीटरचा लोट पाचपट किंवा त्याहूनही दूर जाऊ शकतो. असे का व्हावे, यावर अजून एकमत नाही. अलास्कातील १९६४ च्या भूकंपात शेर्मन हिमनदीवर पसरलेल्या लोटासाठी भूवैज्ञानिक रोनाल्ड श्रीव्ह यांनी खाली अडकलेल्या हवेच्या गादीची कल्पना मांडली. पण हवा नसलेल्या चंद्रावरही असे लांब पसरलेले थर दिसतात. दरीच्या तळाचा ओला गाळ लोटाच्या भाराखाली पातळ होऊन वंगणासारखा वागतो, हे स्पष्टीकरण, निदान नद्यांच्या दऱ्यांपुरते, मला अधिक पटते.

शिवाय लोट पात्राची वळणे पाळत नाही, तो सरळ समोरच्या उतारावर चढतो. चढाई १०० मीटर असेल, तर घर्षण जमेस न धरताही पायथ्याशी त्याचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर निघतो. थांबतो तेव्हा तो नदीच अडवतो: १९११ च्या भूकंपात पामीरमध्ये उसोई येथे सुमारे दोन घन किलोमीटर खडक मुर्गाब नदीत कोसळला, ५०० मीटरहून उंच बांध तयार झाला आणि त्यामागचे सारेझ सरोवर आजही आहे. अशा ढिगाऱ्यात खडकांचा चुरा झालेला असला, तरी मूळ कड्यातील थरांचा क्रम अनेकदा टिकून असतो. सगळे कालवून टाकणाऱ्या लोंढ्यात तो सापडत नाही.

खरी अडचण येते ती एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते तेव्हा. ३१ मे १९७० च्या भूकंपात पेरूतील वास्करान शिखरावरून खडक आणि बर्फ सुटले, वाटेत हिम आणि ओली माती ओढून घेत त्यांचा लोंढा झाला, आणि त्याचा एक फाटा मधला डोंगरकणा ओलांडून युंगाय गावावर पोहोचला. पात्र धरून चालण्याचा लोंढ्याचा नियम तेथे वेगामुळे मोडला. चीनमधील वेनजिया घळीत हे रूपांतर व्हायला दोन वर्षे लागली: २००८ च्या वेनचुआन भूकंपात लोटाने टाकलेला ढिगारा ऑगस्ट २०१० च्या मुसळधार पावसात लोंढा होऊन खाली उतरला.