मोठा मेंदू, लहान मेंदू आणि ताकद-तोलाचा घोळ

“हातापायांत ताकद आहे, तोंड वाकडे झालेले नाही, म्हणजे मेंदूला काही झालेले नाही,” हे वाक्य नागपुरात दर उन्हाळ्यात कानी पडते आणि दर वेळी मला अस्वस्थ करते. हे खरे आहे ते फक्त मोठ्या मेंदूपुरते, आणि तेही अर्धवट.

मोठ्या मेंदूची ओळख बहुतेकांना असते. विचार, भाषा, स्मरण आणि ऐच्छिक हालचाली त्याच्याकडे असतात. डोक्याच्या मागच्या बाजूस, त्याच्या खाली असलेला लहान मेंदू वजनाने एकूण मेंदूच्या सुमारे दहाव्या भागाएवढाच भरतो, पण मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास त्याच्यातच असतात. ‘प्रमस्तिष्क’ आणि ‘अनुमस्तिष्क’ या पुस्तकी शब्दांपेक्षा मला हे साधे शब्दच पसंत आहेत. फक्त ‘लहान’ म्हणजे ‘दुय्यम’ असे कोणी समजू नये.

खरा घोळ हालचालीबाबत होतो. हालचालीचा हुकूम मोठा मेंदू देतो. ती किती वेगाने व्हावी आणि नेमकी कुठे थांबावी, याचे माप लहान मेंदू राखतो. समोर ठेवलेला चहाचा कप घेताना मोठ्या मेंदूचा झटका (म्हणजे त्याचा रक्तपुरवठा अचानक बिघडून झालेला आघात) आलेल्या माणसाचा हात उचलला जात नाही किंवा कप बोटांतून निसटतो. लहान मेंदू बिघडलेल्या माणसाचा हात जोरात पुढे जातो, पण कप जवळ येईल तशी थरथर वाढत जाते आणि हात कपाच्या पुढे निघून जातो. पकड मात्र घट्ट असते. बाजूही वेगळी असते. मोठ्या मेंदूच्या डाव्या भागातील इजा उजव्या अंगावर दिसते, तर लहान मेंदूच्या डाव्या भागातील इजा डाव्याच अंगावर दिसते, कारण त्याचे संदेश एकदा ओलांडून समोरच्या मोठ्या मेंदूकडे जातात आणि तिथून निघालेला हुकूम मस्तिष्कपुच्छाच्या, म्हणजे मज्जारज्जूला जोडलेल्या मेंदूच्या तळच्या भागाच्या, खालच्या टोकाशी पुन्हा बाजू बदलतो.

म्हणूनच मे महिन्यात एखाद्याला अचानक गरगरले, उलट्या झाल्या आणि आधाराशिवाय उभे राहता येईना, तर ‘लू लागली’ म्हणून कैरीचे पन्हे पाजत बसणे मला मुळीच मान्य नाही. ताकद शाबूत असूनही तो लहान मेंदूचा झटका असू शकतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा अवधी साधारण साडेचार तासांचाच असतो, आणि पुढे सूज वाढली तर ती शेजारच्याच मस्तिष्कस्तंभावर, म्हणजे श्वास चालवणाऱ्या केंद्रांवर दाब आणते.