जॅक्सन, महेलिया

जॅक्सन, महेलिया : (२६ ऑक्टोबर १९११ – २७ जानेवारी १९७२). अमेरिकन गॉस्पेल गायिका. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान; अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत घडलेल्या भक्तिगीतांनाही हेच नाव मिळाले. हे गाणे चर्चच्या बाकांवरून उचलून मोठ्या सभागृहांत, रेडिओवर आणि परदेशांत नेण्याचे काम महेलिया यांच्याइतके कुणीच केले नाही. तिथे नेताना त्यांनी ते भक्तीचेच गाणे ठेवले. नाइटक्लबमध्ये गायच्या नाहीत, ब्लूज (कृष्णवर्णीयांचे दुःख-विरहाचे लौकिक गाणे) गायच्या नाहीत, आणि त्यासाठी कितीही पैसे पुढे आले तरी नकार ठरलेला असे.

त्यांचा जन्म लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे, मिसिसिपी नदीलगतच्या गरीब वस्तीत झाला. वडील आठवडाभर गोदीत हमाली करीत, केस कापीत आणि रविवारी प्रवचन देत. महेलिया लहान असतानाच आई वारली आणि ड्यूक मावशीने त्यांना वाढवले. मावशीची शिस्त कडक होती. शाळा लवकर सुटली आणि लोकांचे कपडे धुण्याचे काम हाती आले. बाप्टिस्ट मंडळीत त्या लहानपणापासून गात. पण त्यांच्या गाण्याचा खरा उगम शेजारच्या ‘होलिनेस’ पंथाच्या चर्चमध्ये शोधावा लागतो. तिथे ऑर्गन नव्हता. ढोल, झांजा, खंजिरी, टाळ्या आणि पायांचा ठेका एवढ्यावर उपासना चाले. हा ठेका त्यांच्या अंगात कायमचा मुरला. बेसी स्मिथ या ब्लूज गायिकेच्या तबकड्याही त्या चोरून ऐकत. आवाज कसा भरायचा, सूर कुठे वाकवायचा हे त्यांतून कानांवर पडत गेले.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या शिकागोला आल्या. दक्षिणेतील वर्णभेदाला आणि दारिद्र्याला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. धुणीभांडी करून त्या ग्रेटर सेलम बाप्टिस्ट चर्चमध्ये गाऊ लागल्या. उत्तरेतल्या सुशिक्षित कृष्णवर्णीय मंडळ्यांना संथ, शिस्तीची स्तोत्रे हवी होती. हातवारे करीत, डुलत, सूर ओढत गाणारी ही मुलगी काही पाळकांना खटकली. एका संगीतशिक्षकाने तर ओरडणे थांबवायला सांगितले. महेलिया यांनी शिकवणीच थांबवली.

याच काळात टॉमस डॉर्सी भेटले. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवणारा हा पियानोवादक आता भक्तिगीते रचू लागला होता. पत्नी आणि नवजात बाळ पाठोपाठ गेल्यावर त्यांनी १९३२ मध्ये ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत लिहिले. डॉर्सींच्या गाण्यांचे छापील कागद दहा सेंटला विकले जात; ते खपावेत म्हणून महेलिया रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून गात.

पहिले पती आयझॅक हॉकनहल रसायनशास्त्र शिकलेले होते. एवढा आवाज चर्चमध्ये वाया जातो असे त्यांचे मत. मंदीत नोकरी गेली तेव्हा त्यांनी महेलिया यांना एका संगीतिकेच्या निवड चाचणीला पाठवले. भूमिका मिळाली, पण पतीलाही काम मिळाल्याचे कळताच त्यांनी ती नाकारली. हे लग्न टिकले नाही. १९३७ मध्ये डेक्का कंपनीने काढलेल्या तबकड्या खपल्या नाहीत. ब्लूज गायल्यास पुढचे पाहू, असे कंपनीने सुचवले. तेव्हाही उत्तर नकाराचेच होते. पोटासाठी त्यांनी ब्यूटी पार्लर आणि फुलांचे दुकान चालवले.

१९४७ मध्ये अपोलो कंपनीसाठी गायलेल्या ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ने सारे पालटले. मेम्फिसचे पाळक हर्बर्ट ब्रूस्टर यांचे हे गीत एवढे लांब होते की तबकडीच्या दोन्ही बाजू त्याला लागल्या. वर चढत जाण्याचे हे वर्णन स्वर्गाचे आहे, तसेच दडपलेल्या समाजाच्या वाटचालीचेही; ऐकणाऱ्यांनी दोन्ही अर्थ घेतले. तबकडी लाखोंनी खपली.

त्यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा, रुंद होता. भजनात एखादा चरण पुन्हा पुन्हा आळवावा तसा त्या एखादा शब्द धरून ठेवत, मोडत, परत जोडत. ताल काटेकोर पाळत नसत. त्यामुळे साथ अवघड होती, आणि पियानोवादक मिल्ड्रेड फॉल्स यांचे श्रेय इथे मोठे आहे; ते त्यांना हयातीत पुरेसे मिळाले नाही.

१९५० मध्ये महेलिया न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या, १९५२ मध्ये युरोपात. १९५४ पासून कोलंबिया कंपनीने त्यांची गाणी काढली. तिथल्या भरजरी वाद्यवृंदापेक्षा अपोलोच्या साध्या तबकड्यांत त्यांचा आवाज जास्त मोकळा वाटतो. कीर्ती वाढली तरी दक्षिणेत प्रवास करताना हॉटेलात जागा मिळत नसे; झोपता येईल आणि शिधा ठेवता येईल अशी मोठी गाडीच त्यांनी घेतली. शिकागोतही गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतल्यावर खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

१९५६ मध्ये अलाबामातील मंटगमरी येथे बसमधील वर्णभेदाविरुद्ध चाललेल्या बहिष्काराच्या मदतीसाठी त्या गायल्या आणि नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी जन्माचा स्नेह जुळला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या मोर्चात सुमारे अडीच लाख लोकांपुढे किंग यांच्या आधी त्या गायल्या. किंग लिहून आणलेले भाषण वाचत असताना मागून महेलिया यांनी ‘मार्टिन, त्यांना त्या स्वप्नाबद्दल सांगा’ अशी हाक दिल्याचे किंग यांचे सहकारी क्लॅरन्स जोन्स यांनी सांगितले आहे. किंग यांनी कागद बाजूला सारला आणि ‘माझे एक स्वप्न आहे’ हा गाजलेला भाग ते बोलले. गाताना साद घालणे आणि समोरच्याने प्रतिसाद देणे, ही त्या दोघांच्याही मंडळ्यांची रीतच होती. १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत महेलिया यांनी डॉर्सींचे ‘प्रेशस लॉर्ड’ गायले.

हृदयविकाराने त्यांना १९६४ पासून गाठले होते. तरीही १९७१ मध्ये त्यांनी जपान आणि भारताचा दौरा केला. कोलकाता, दिल्ली, मद्रास आणि मुंबई येथे कार्यक्रम झाले. दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट झाली. त्याच वर्षी जर्मनीत प्रकृती बिघडली आणि दौरा सोडून परतावे लागले. शिकागोजवळच्या एव्हरग्रीन पार्क येथे त्यांचे निधन झाले. शिकागोतील अंत्यविधीला गायिका अरीथा फ्रँकलिन यांनी तेच ‘प्रेशस लॉर्ड’ गायले. नंतर पार्थिव न्यू ऑर्लिन्सला नेऊन जवळच्या मेटरी येथे दफन करण्यात आले.