दुसऱ्या स्कॅनला शिखर का खाली येते?
कार्बन इलेक्ट्रोडवर प्रथिने व अमिनो आम्ले मोजणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड नेणारे ग्राहक सर्वाधिक वेळा विचारतात तो प्रश्न असा, की प्रथिनाच्या द्रावणात पहिल्या स्कॅनला (इलेक्ट्रोडवरील व्होल्टेज एकदा वाढवत नेऊन परत आणताना) विद्युतप्रवाहाचे ठळक शिखर मिळते, दुसऱ्या स्कॅनला ते एकदम खाली येते आणि पुढे जवळपास दिसेनासे होते, तर इलेक्ट्रोड सदोष आहे का? बहुतेक वेळा तो सदोष नसतो. दिसते ती त्या प्रक्रियेचीच खूण असते.

प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांपैकी मोजकीच कार्बनवर सहज ऑक्सिडीकृत होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतात. टायरोसीन व ट्रिप्टोफॅन यांची शिखरे पीएच ७ च्या आसपास, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत, साधारण ०.६ ते ०.८ व्होल्टच्या पट्ट्यात येतात आणि पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. हिस्टिडीनसाठी त्याहून बरेच जास्त विभव (व्होल्टेज) लागते. मानवी इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असून त्यांत ४ टायरोसीन आहेत, ट्रिप्टोफॅन मात्र एकही नाही. म्हणून या पट्ट्यात मिळणारे त्याचे शिखर टायरोसीनचे समजावे. उलट कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइममध्ये ६ ट्रिप्टोफॅन व ३ टायरोसीन असतात. तरीही शिखराची उंची केवळ या संख्येवर ठरत नाही, कारण प्रथिनाच्या साखळीच्या घडीच्या आत दडलेला घटक पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. युरियाने घडी उलगडली की तेच प्रथिन अनेकदा अधिक मोठे शिखर देते, आणि प्रथिनाची रचना बिघडली आहे का हे पाहण्याचा तो एक उपयुक्त मार्ग आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टायरोसीन एक इलेक्ट्रॉन व एक प्रोटॉन गमावते, तेव्हा तयार होणारे मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेले, अतिक्रियाशील रेणू) शेजारच्या रेणूंशी जोडले जातात आणि त्यांचा पातळ, वीज अडवणारा थर कार्बनवर बसतो. प्रथिनाचा मोठा रेणू तर मुळातच पृष्ठभागाला चिकटून असतो. ही अभिक्रिया उलट फिरत नसल्याने परतीच्या स्कॅनमध्ये तिचे जोडशिखर शोधू नये. मापनासाठी पहिलाच स्कॅन धरावा आणि प्रत्येक नमुन्याआधी पृष्ठभाग नव्याने तयार करावा, असा आमचा आग्रह आहे. बोरॉनयुक्त हिऱ्याच्या इलेक्ट्रोडवर हा थर कमी बसतो, पण अजिबात बसत नाही असे नाही.

पॉलिशसाठी ओल्या पॅडवर आधी ०.३ व नंतर ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिना घ्यावी, इलेक्ट्रोड अगदी उभा धरून हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवावा आणि शेवटी शुद्ध पाण्यात अल्ट्रासोनिक बाथमध्ये धुवावा. तिरपा धरल्यास कडा झिजतात, आणि ती झीज आम्हालाही भरून देता येत नाही. पृष्ठभागात दिव्याचे प्रतिबिंब स्वच्छ दिसले, तरी पोटॅशियम फेरीसायनाइडच्या द्रावणात चाचणी घ्यावीच. तिच्यात जाताना व परतताना मिळणाऱ्या दोन शिखरांमधील अंतर २५ अंश सेल्सिअसला सैद्धांतिक ५९ मिलिव्होल्टच्या जितके जवळ, तितका पृष्ठभाग चांगला.

बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच प्रत्येक वेळी तोच ठेवावा, कारण तो एकाने वाढला की टायरोसीनचे शिखर सुमारे ५९ मिलिव्होल्टने कमी विभवाकडे सरकते. नमुन्यात अ‍ॅस्कॉर्बिक किंवा युरिक आम्ल असल्यास ती टायरोसीनच्या आधीच, कमी विभवाला ऑक्सिडीकृत होतात, हेही ध्यानात असू द्यावे.

एवढे करूनही ताज्या पृष्ठभागावरचे पहिलेच शिखर दर वेळी वेगळे येत असेल, तर इलेक्ट्रोड आमच्याकडे पाठवावा. सोबत निव्वळ बफरचा, फेरीसायनाइडचा आणि नमुन्याचा असे तीन आलेख जोडावेत.